शिंगणापूरच्या लेकीचं कुलूप

रोहिणीला सकाळपासून काहीतरी टोचत होतं आणि काय टोचतंय ते सापडत नव्हतं. गॅस बंद केला होता. नळ बंद केला होता. आबांना साखरेची गोळी दिली होती, समोर बसून उपमा खायला लावला होता, दुपारचं ताट झाकून ठेवलं होतं. दाराला कुलूपही लावलं होतं. ते कुलूपच टोचत असेल, अशी तिनं स्वतःची समजूत घातली आणि मिनीबसमध्ये ड्रायव्हरशेजारच्या सीटवर जाऊन बसली.

टोचणारच की. रोहिणी शिंगणापूरची. ज्या गावात घराला चौकट असते पण दार नसतं, कुत्रं-मांजर शिरू नये म्हणून रात्री फार तर फळी आडवी लावतात, त्या गावच्या लेकीनं सेहेचाळिसाव्या वर्षी आयुष्यातलं पहिलं कुलूप लावलं. आणि लावलं ते कुणाला, तर जन्मदात्या बापाला.

लग्न होऊन ती नगरजवळच्या भिंगारला आली तेव्हा तिथल्या बैठ्या चाळीतल्या घराला दार होतं, कडी होती, कोयंडा होता. कुलूप लावायचं काम नवऱ्याचं. बिभीषणला लष्कराच्या डेपोत नोकरी. तो जबलपूरला बदलून गेला आणि त्याचं जुनं कुलूप खिळ्यावर टांगल्या जागी गंजून गेलं. रोहिणी बाहेर जाताना नुसती कडी लावायची. चाळीतल्या बायका कपाळाला हात लावायच्या, पण घरातला चमचा कधी इकडचा तिकडे झाला नाही.

मग आई गेली आणि आबांचं विसरणं सुरू झालं. आधी माणसांची नावं, मग जेवलो की नाही, मग आपण कुठं आहोत ते. रोहिणीनं त्यांना दिवाळीनंतर आपल्याकडे आणलं. गेल्या आठवड्यात आबा दुपारचे उठले, सदरा घातला आणि थेट पाथर्डी रस्त्यावर जाऊन उभे राहिले. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करून विचारत होते, "सोनईला चालली का वो?" सोनई म्हणजे शिंगणापूरच्या अलीकडचं गाव. एका टेम्पोवाल्यानं ओळखून घरी आणून सोडलं. टेम्पोवाला भला होता. मागून येणारा ट्रकही भला निघेलच, याची खात्री कुणी द्यावी?

तेव्हापासून रोहिणी कामावर गेली की शेजारच्या क्रिस्टीनाकाकू आबांपाशी बसायच्या. आज मात्र रविवार. काकू आणि कृपादानकाका सकाळी चर्चला जाणार, परतायला दुपारचे बारा. मधले तीन तास आबा एकटे. रोहिणी गाईड; काम टाळावं तर एका सहल कंपनीनं पहिल्यांदाच पूर्ण दिवसाचा गट तिच्यावर सोपवलेला. शनिवारी तिनं कापडबाजारातून नवं कोरं कुलूप आणलं. आबांनी ते हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं.

"हे कुनाचं गं?"

"शेजारच्यांचं आहे, आबा," ती पटकन बोलून गेली.

"मंग दिऊन टाक त्यांचं त्यांना. लोकाची वस्तू घरात ठिवू न्हाई."

देऊन कुठली टाकते? सकाळी आबा खाटेवर पाठमोरे बसलेले पाहून तिनं आवाज न करता दार ओढलं आणि कुलूप दाबलं.

गट सांगलीकडचा होता, सगळे ज्येष्ठ नागरिक. त्यांचे पुढारी यज्ञेश्वरकाका, विमा कंपनीतून निवृत्त झालेले, गळ्यात शिट्टी. तरुणपणी स्काउटमध्ये होते म्हणे. अजूनही माणसं गोळा करायची तर हाक मारत नसत, शिट्टी फुंकत. त्यांची धाकटी बहीण नीलांबरीताई जन्मभर गाण्याच्या शिकवण्या केलेल्या, बोलायला फटकळ आणि कानांनी तिखट.

"आज किल्ला, फराहबाग, दमडी मशीद, चांदबिबीचा महाल, रणगाडा संग्रहालय आणि शेवटी शनिशिंगणापूर," रोहिणीनं माईकवर सांगितलं. "आणि शिंगणापूर म्हणजे माझं माहेर बरं का."

एवढं बोलायची खोटी, बसमध्ये एकच गलका झाला. खरंच दारं नसतात? चोर आंधळा होतो म्हणतात ते खरं? मग दागिने कुठं ठेवता?

"आणि आता तुमच्या इथल्या घराला?" नीलांबरीताईंनी विचारलं.

आता इथं गप्प बसायचं ना! पण माईक हातात आला की माणसाची जीभ दोन अंगुळं वाढते. रोहिणी हसून म्हणाली, "दार आहे, चाळीतल्या घराला असायचंच. पण कुलूप? आम्हा शिंगणापूरच्या लेकींच्या हाताला कुलूप ठाऊकच नाही हो!"

टाळ्या पडल्या. ड्रायव्हर अजिनाथनं आरशातून कौतुकानं पाहिलं. रोहिणीचं टोचणं मात्र वाढलं.

भुईकोट किल्ल्यात शिरताना खंदकावरून वारा येत होता. एरवी इथं तिची वाणी अशी चालायची की ऐकणाऱ्यानं तहान विसरावी. आज वाक्यं अर्ध्यात सुटत होती. निजामशाहीतलं साल सांगताना ती शंभर वर्षं चुकली आणि यज्ञेश्वरकाकांनी वहीत लिहिता लिहिता मान वर केली.

बेचाळीसच्या आंदोलनात पुढाऱ्यांना जिथं कैदेत ठेवलं होतं त्या खोल्यांपाशी गट थांबला. लोक काचांतून आत डोकावू लागले.

"दारं बाहेरून बंद करत असतील ना?" कुणीतरी विचारलं.

"आणि किल्ल्या कुणाकडे?" नीलांबरीताई म्हणाल्या.

"ते काही मला ठाऊक नाही," रोहिणी म्हणाली, "असतील कुणा पहारेकऱ्याच्या..."

हात कुर्त्याच्या खिशात गेला होता. खिशात चावी होती. एक नव्हे, दोन. दुकानदारानं दिल्या तशाच्या तशा, एकाच तारेत ओवलेल्या.

म्हणजे हे टोचत होतं तर! क्रिस्टीनाकाकूंना तिनं सकाळी कुंपणाशी गाठून जेवणाचं सगळं सांगितलं होतं. ताट झाकलंय, भाकरी कुस्करून द्या, समोर बसल्याशिवाय आबा घास घेत नाहीत, जेवले नाहीत तर गोळीनं घेरी येते. काकू चर्चच्या घाईत "बरं बरं" म्हणाल्या आणि निघाल्या. कुलपाचं सांगून चावी द्यायचं रोहिणीला सुचलं नाही आणि मागायचं काकूंना सुचलं नाही, कारण त्या घरात जायला चावी लागलीय असं आजवर कधी घडलंच नव्हतं. दारवाली माणसं लहानपणापासून शिकतात, एक चावी आपल्याकडे, एक शेजारी. रोहिणीनं कुलूप लावायचं कसं ते दुकानात विचारून घेतलं. लावल्यावर पुढं काय, ते विचारायचं राहिलं.

तिनं गटाला बुरूज बघायला धाडलं आणि आडोशाला जाऊन काकूंना फोन लावला. बंद. काकांना लावला. बंद. चर्चमध्ये फोन बंद ठेवणारी सज्जन माणसं, त्यांना दोष कसा द्यायचा.

किल्ल्यापासून भिंगार ते किती? रिक्षानं गेली असती तर चहा निवायच्या आत परत आली असती. पण लष्कराच्या हद्दीत गट सोडून गाईडनं जायचं नाही, हा नियम. आणि गेली तरी करायचं काय? कुलूप काढून दार उघडं ठेवावं तर आबा सोनईच्या वाटेला लागणार. बंद ठेवावं तर काकू बाहेर नि आबा आत.

फराहबागेत तिनं तीनदा फोन लावला. एके काळी या महालाभोवती पाणी होतं, मधोमध महाल आणि चहूबाजूंनी तलाव, हे सांगताना तिची नजर झाडांच्या पलीकडे भिंगारच्या बाजूला. आबा आता उठले असतील. दाराशी गेले असतील. त्यांच्या लेखी दार म्हणजे भिंतीला ठेवलेली मोकळी जागा. ती जागा हात लावून ढकलली आणि हललीच नाही, तर त्या म्हाताऱ्या जिवाला काय वाटेल?

"काय हो, कुणाची वाट बघताय का?" नीलांबरीताईंनी विचारलं. "सारखा हात खिशात."

"छे, काही नाही. सुटे पैसे आहेत."

हे तिसरं खोटं. काल आबांशी एक, आज बसमध्ये एक, आणि हे. शनीच्या गावची लेक आणि कालपासून खोट्याची माळ ओवतेय, असं तिचं तिलाच वाटलं आणि स्वतःचा राग आला.

दमडी मशिदीपाशी तिनं ती नेहमीची आख्यायिका सांगितली. किल्ल्याच्या कामावरच्या मजुरांनी रोजातली एकेक दमडी काढून ही मशीद बांधली म्हणतात. दगडातली नक्षी बघून लोकांची बोटं आपोआप भिंतीवर फिरू लागली. यज्ञेश्वरकाकांना एक फोटो सगळ्यांचा, एक पुरुषांचा आणि एक बायकांचा हवा होता. कुणाचे डोळे मिटले म्हणून पुन्हा एकदा. रोहिणीला वाटलं, ती शिट्टी हिसकावून घ्यावी आणि अशी फुंकावी, अशी फुंकावी की सगळे एका दमात बसमध्ये.

चांदबिबीच्या महालाला जायचा रस्ता भिंगारमधूनच जातो. मिनीबस पाथर्डी रस्त्याला लागली तशी रोहिणी सीटच्या कडेला सरकली. साडेअकरा झाले होते. तो वळणावरचा चहावाला दिसला, पिठाची गिरणी दिसली, चाळीकडे जाणारी गल्ली समोर आली. फक्त एवढं म्हणायचं होतं, अजिनाथ, दोन मिनिटं थांब रे. गिरणीवाल्याकडे चावी देऊन "काकू आल्या की द्या" म्हटलं असतं तरी काम झालं असतं.

पण मागून कुणीतरी विचारलं असतं, कसली चावी? मग टाळ्या वाजवणाऱ्या त्या सगळ्या हातांसमोर सांगावं लागलं असतं की मी माझ्या बापाला कोंडून आलेय.

"ही भिंगारची छावणी," रोहिणी माईकवर म्हणाली. "इथला बाजार जुना आहे."

गल्ली मागे गेली. तिनं मान वळवूनही पाहिलं नाही, आणि आयुष्यात इतकी लाज तिला कधी वाटली नव्हती.

डोंगरावर ऊन कडक होतं. अष्टकोनी मनोऱ्याच्या गार सावलीत शिरून गट टेकला. नाव चांदबिबीचं, पण इथं विसावलाय निजामशाहीतला सरदार सलाबतखान, हे सांगितलं की लोक हमखास हसायचे. आज ती ते सांगायलाच विसरली. ती कमानीत उभी राहून खाली बघत होती. सगळं नगर पसरलेलं, अलीकडे भिंगारची झाडं. त्या झाडांत एक कौलारू रांग, त्या रांगेत एक घर, त्या घरात आबा. बारा वाजून गेले होते.

फोन वाजला. क्रिस्टीनाकाकू.

"अगं रोहिणी, तुझ्या दाराला कुलूप आहे! चावी कुठं ठेवलीस? मी तुळशीत पाहिली, पायपुसण्याखाली पाहिली..."

"माझ्याकडे आहे, काकू. दोन्ही माझ्याकडेच आहेत."

"देवा रे! अगं, आबा मघाशी खिडकीच्या जाळीतून बोलत होते, आता गप्प झालेत. हाका मारतेय. यांनी हातोडी शोधायला घेतलीय. तू आहेस कुठं?"

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात, ते हे असं. रोहिणीनं मागे पाहिलं. कुणी पाणी पीत होतं, कुणी चिवड्याची पुडी फोडत होतं. यज्ञेश्वरकाका घड्याळ बघून म्हणाले, "रोहिणीताई, वरच्या मजल्यावर जायचं ना? वेळ कमी आहे."

"काका, मला घरी जावं लागेल. आत्ता." तिचा आवाज मनोऱ्यात घुमला आणि सगळ्यांच्या माना वळल्या. आता लपवायला काही उरलं नव्हतं. "मी माझ्या वडिलांना घरात कुलूप लावून आलेय. त्यांना विसरायला होतं, ते निघून जातात म्हणून लावलं. आणि चावी घेऊन इथं आले. सकाळी बसमध्ये बोलले ते खोटं होतं."

तिनं तारेत ओवलेल्या दोन्ही चाव्या खिशातून काढून पुढं धरल्या, का ते तिलाही कळलं नाही. मग नीलांबरीताई गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"सुटे पैसे म्हणे," त्या म्हणाल्या. "चला, बाई, चला. मनोरा इतकी वर्षं उभा आहे, पळून जात नाही. यज्ञेश्वर, फुंक ती तुझी शिट्टी."

खाली उतरताना घाटात अजिनाथनं गाडी अशी काढली की एरवी दोघातिघांनी तक्रार केली असती. कुणी केली नाही. रोहिणी फोन लावत होती, काकू उचलत नव्हत्या. का उचलत नाहीत? घेरी आली असेल. पडले असतील. खाटेच्या लोखंडी कोपऱ्यावर डोकं आपटलं असेल. मनाला एकदा वाईट चिंतायची वाट सापडली की ते सरळ रस्त्यानं चालतच नाही. बसमध्ये कुणी तिला "काही होणार नाही" असंही म्हणालं नाही. वयानं शहाणी झालेली माणसं होती ती.

गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली. रोहिणी पळाली. आणि तिच्या मागोमाग सगळा गटही उतरला. जीव राहवेना म्हणून उतरले, कुणाच्या मनात वाईट नव्हतं. पण टोप्या, गॉगल, पाण्याच्या बाटल्या, गळ्यातली ओळखपत्रं अशी वीसएक माणसं तिच्या दारासमोर अर्धगोल करून उभी राहिली. दिवसभर उभी राहत होती तशीच. रोहिणीला वाटलं, आजचं शेवटचं प्रेक्षणीय स्थळ हेच.

दाराशी कृपादानकाका हातोडी घेऊन उभे, घामाघूम. खिडकीबाहेर स्टुलावर क्रिस्टीनाकाकू, मांडीवर ताट. त्यांनी रोहिणीला बघून ओठांवर बोट ठेवलं.

"जेवतायत," त्या हळूच म्हणाल्या. "समोर कुणी बसल्याशिवाय खात नाहीत ना? म्हणून मी माझं ताट घेऊन इथं बसले. फोन तिकडं घरातच राहिला."

रोहिणी पायरीवर टेकली. आबा बरे होते. जेवत होते. जाळीच्या आतून भाकरी चावल्याचा आवाज येत होता.

"हातोडी घातली असती मघाशीच," कृपादानकाका कुजबुजले, "पण तुझे वडील घालू देईनात. म्हणे, लोकाचं कुलूप फोडू नका. ज्यानं लावलं त्यानं काढावं."

आत ताट बाजूला सरकल्याचा आवाज झाला. आबा खिडकीशी आले. जाळीला नाक लावून त्यांनी बाहेरची गर्दी न्याहाळली आणि चेहऱ्यावर काळजी पसरली.

"आरं द्येवा. ह्येवढी मान्सं! तुमाला कुनी कोंडलं?"

यज्ञेश्वरकाकांनी गॉगल काढला.

"घाबरू नगा," आबा त्यांना म्हणाले. "माझी पोर येईल आता. तिला समदं कळतं. ती काडंल तुमाला भाईर." मग आवाज खाली आणून, जाळीच्या अगदी जवळ येऊन त्यांनी यज्ञेश्वरकाकांना सांगितलं, "पर ती यायच्या आत ह्ये कुलूप ज्याचं हाय त्याला बलवून काडून घ्या. तिला दिसू दिऊ नगा. आपल्या घराला कुनी कुलूप लावलं म्हनून लई वाईट वाटंल तिला. आमच्यात न्हाई चालत."

रोहिणी पायरीवर बसल्या जागी ऐकत होती. इतका वेळ डोळ्यांत पाणी आलं नव्हतं ते आता आलं. उठून तिनं चावी कुलपाला लावली. लागेना. सवय नव्हती. उलटी घातली, मग सुलटी घातली. मागून शिकवायला कुणी पुढं आलं नाही, हे तिला फार बरं वाटलं. खटका झाला. दार उघडलं.

आबा समोर उभे होते, हात भाकरीचे.

"आलीस का? बग की, ह्या मान्सांना कुनी..."

"आबा, मी लावलं," रोहिणी म्हणाली. "कुलूप मी लावलं. शेजारच्यांचं नाही. मीच आणलं, मीच लावलं."

आबांनी तिच्याकडे पाहिलं. नजरेत काहीतरी जुळत होतं आणि सुटत होतं.

"तू?"

"हो."

"मला?"

तिनं मान हलवली.

"काडलंस ना?" आबांनी विचारलं.

"काढलं."

"मंग झालं." त्यांनी उष्ट्या हाताचं मनगट तिच्या डोक्याला लावलं. "पानी दे जरा. आन ह्यांनाबी दे समद्यांना, उन्हातानाचे उबे हायेत."

मग काय, चाळीतले होते नव्हते तेवढे पेले बाहेर आले. सांगलीकर पायरीवर, स्टुलावर, कुंपणावर जागा मिळेल तिथं बसले. रोहिणी यज्ञेश्वरकाकांना म्हणाली की आजचे तुमचे पैसे मी कंपनीला परत द्यायला सांगते, राहिलेलं अजिनाथ दाखवील. काका काही बोलायच्या आत नीलांबरीताई आबांपाशी जाऊन बसल्या होत्या.

"आम्ही संध्याकाळी शिंगणापूरला निघालोय," त्या म्हणाल्या. "येता का?"

"मी तर कवाचा तेच म्हनतोय," आबा म्हणाले आणि उठून सदऱ्याची बटणं लावू लागले.

रणगाडे बघायचे राहिले, त्याबद्दल कुणी तक्रार केली नाही. शिट्टी वाजली. आबांनी विचारलं, शाळा सुटली का. नीलांबरीताईंनी खिडकीची जागा त्यांना दिली आणि रोहिणी शेजारी बसली. निघताना कृपादानकाकांनी ओरडून विचारलं, "रोहिणी, दाराचं काय करू?"

"राहू दे उघडं, काका."

दार सताड उघडं टाकून ती निघाली. आज आत कुणीच नव्हतं, त्यामुळे उघडं टाकणं सोपं होतं. उद्या सोमवार. उद्या सकाळी कामावर जाताना काय करायचं, ते तिला ठाऊक नव्हतं. काकूंची कधी दवाखान्याची फेरी असते, कधी पाहुणे असतात; आणि रस्त्यावर ट्रक तर रोजच असतात. जीव थाऱ्यावर आला होता असं नव्हे, फक्त त्याची टोचण्याची जागा बदलली होती.

बस नगर ओलांडून औरंगाबादच्या जुन्या रस्त्याला लागली. उसाच्या ट्रॉल्या मागे पडत होत्या. आबा बाहेर बघत होते, ओळखीचं झाड दिसलं की बोट करत होते. मग त्यांची नजर तिच्या मांडीवर गेली. घाईघाईत कुलूप तिनं कुठं ठेवलंच नव्हतं. ते चाव्यांसकट तिच्या हातातच होतं.

आबांनी ते उचललं, उलटंसुलटं पाहिलं. चेहरा कोरा. सकाळ, दुपार, उघडलेलं दार, "मंग झालं", सगळं पुसलेलं.

"हे कुनाचं गं?" त्यांनी विचारलं.

दुपारी मिळालेली माफी त्या सगळ्याबरोबरच विसरली गेली होती. पुन्हा पहिल्यापासून सांगायचं होतं. आज, उद्या, ते विचारतील तेवढ्या वेळा.

"माझं आहे, आबा," रोहिणी म्हणाली.

आबांनी कुलूप तळहातावर तोललं, मान हलवली आणि तिच्या ओंजळीत परत ठेवलं.

"जड हाय," ते म्हणाले.